'थांब' की 'थांबा'? दुकानात आज्ञार्थ नीट वापरा

आजच्या व्हिडिओत मी माझी एक जुनी चूक सांगितली. दुकान नवीन होतं, ठाकूरदेवाच्या यात्रेचे दिवस, काउंटरवर गर्दी. घाईत एका आजोबांना बोलून गेलो, "थांब जरा!" त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि निघून गेले. परत कधी आले नाहीत. माल चांगला होता, भाव बरोबर होता. फक्त एक 'आ' कमी पडला.

सूरजागडकडे गिऱ्हाईक माडिया, तेलुगू, हिंदी बोलणारंही असतं. मराठी अनेकांची दुसरी भाषा. म्हणून वाक्य छोटं हवं, आणि मानाचं हवं. नियम सोपे आहेत.

१. 'तू'साठी क्रियापदाचं मूळ रूप: कर, बस, मोज, भर.

२. 'तुम्ही'साठी शेवटी 'आ': करा, बसा, मोजा, भरा. समोर लहान पोरं असली, पण एकापेक्षा जास्त, तरी हेच रूप: "पोरांनो, बसा."

३. थोडी वेगळी रूपं: दे–द्या, घे–घ्या, ये–या, पी–प्या, लिही–लिहा.

४. 'खा' आणि 'जा' दोन्हीकडे सारखेच. तिथं मान 'काका', 'मावशी' म्हणून द्यायचा.

स्पॅनिशमध्येही असंच आहे बरं का. 'आब्ला' म्हणजे बोल, 'आब्ले' म्हणजे बोला. 'कोमे' म्हणजे तू खा, 'कोमा' म्हणजे आपण खा. शेवटचा स्वर बदलला की मान मिळतो.

आता वापर बघा.

गिऱ्हाईक आलं: "या काका, बसा. पाणी घ्या."

कामावरचा पोरगा: "ते सगळं बघून घे" म्हटलं तर त्याला काय कळणार? एका वाक्यात एकच काम सांगा: "पोतं उतरव. वजन कर. वहीत लिही." कामगार वयानं मोठा असेल तर "उतरवा, करा, लिहा." पगार आपण देतो म्हणून 'तू' म्हणायचा हक्क मिळत नाही.

पाटी: "सुट्टे पैसे द्यावेत", "पावती घ्यावी" ही ऑफिसची भाषा. शिवाय रूप वस्तूप्रमाणे बदलतं, तिथं चुका होतात. "सुट्टे पैसे द्या", "पावती घ्या" लिहा, सगळ्यांना कळतं.

आजचा गृहपाठ: दिवसभरात तुम्ही दुकानात जे जे सांगितलं, त्यातली दहा वाक्यं रात्री वहीत लिहा. कुठं 'आ' राहून गेला, त्यावर खूण करा. उद्या तोच माणूस आला की आधी म्हणा, "या, बसा."