गावठाणातील शोषखड्डे आणि विहिरीतील नायट्रेट

२ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानास आरंभ झाल्यानंतर ग्रामीण भागात घरोघरी शौचालये उभी राहिली. उघड्यावरील मैल्यामुळे होणाऱ्या रोगप्रसारास त्यामुळे आळा बसला, हे निर्विवाद होय. तथापि भुयारी गटारे नसलेल्या गावात हा मैला सेप्टिक टाकीत किंवा शोषखड्ड्यात साठतो आणि त्यातील पाणी गावठाणाच्याच भूमीत जिरते. त्याच भूमीतील विहिरीचे वा हातपंपाचे पाणी गाव पीत असेल, तर जिरणाऱ्या पाण्याबरोबर काय खाली जाते याचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

विहीर व शोषखड्डा यांत विशिष्ट अंतर राखावे, हा नियम सर्वपरिचित आहे. तो मुख्यत्वे रोगजंतूंसाठी आहे. मातीच्या थरातून पाणी सावकाश झिरपताना जंतू गाळले जातात आणि मरतात. नायट्रेटचे तसे नाही. मैल्यातील नायट्रोजन टाकीत अमोनियाच्या रूपात येतो, खालच्या हवेशीर थरात त्याचे नायट्रेट बनते आणि ते मातीच्या कणांना न चिकटता पाण्याबरोबर वाहत जाते. केवळ अंतर वाढवून त्यापासून संरक्षण मिळत नाही. दर हेक्टरी किती माणसे राहतात आणि तेथे किती पाणी मुरते, यावरच त्याचे प्रमाण अवलंबून राहते.

हा अंदाज ग्रामपंचायतीच्या दप्तरातील आकड्यांवरूनही बांधता येतो. उदाहरणादाखल दहा हेक्टर गावठाण व ५०० लोकवस्तीचे एक गाव कल्पावे. भारतीय आहारानुसार एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अडीच किलो नायट्रोजन बाहेर पडतो, म्हणजे गावाचा १२५० किलो. त्यातील काही भाग हवेत जातो, काही गाळात राहतो. भूजलापर्यंत पोहोचणारा अंश स्थळपरत्वे पाव ते अर्धा धरण्याची रीत आहे. येथे पावच धरला, तर ३१२ किलो होतो. नायट्रेटच्या रूपात मोजण्यासाठी त्यास ४.४३ ने गुणावे, म्हणजे सुमारे १३८० किलो.

आता पाण्याची बाजू. पाऊस ७०० मिलिमीटर आणि त्याचा दहावा हिस्सा मुरतो असे मानल्यास दहा हेक्टरांत ७००० घनमीटर पाणी भूजलास मिळते. शौचालयाचे पाणी माणशी रोज दहा लिटर धरल्यास आणखी सुमारे १८०० घनमीटर. एकूण ८८०० घनमीटर पाण्यात १३८० किलो नायट्रेट मिसळले, तर एका लिटरमागे सुमारे १५७ मिलिग्रॅम येते. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे!

प्रत्यक्षात हे पाणी एकटे राहत नाही. वरच्या अंगाच्या वीस हेक्टर शेतातून १४,००० घनमीटर पाणी, लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट घेऊन, गावठाणाखालून वाहिले असे धरले, तर प्रमाण सुमारे ७३ वर उतरते. तरीही ते मर्यादेबाहेरच राहते. हा सरासरीचा हिशेब आहे, हे विसरू नये. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा असून त्यातील भेगांनी पाणी वाट काढते; त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींत मोठा फरक पडू शकतो. शिवाय काळ्या मातीत पाणी जिरत नाही म्हणून खड्डा मुरमापर्यंत खणण्याकडे कल असतो. पावसाळ्यात भूजल खड्ड्याच्या तळापर्यंत चढले, तर मग जंतूंचेही भय उरतेच.

या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले ते अमेरिकेतील आयोवा राज्यात. १९४५ साली हंटर कॉमली या डॉक्टरांनी शेतावरील विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेल्या तान्ह्या मुलांचे शरीर निळे पडल्याचे प्रसिद्ध केले. नायट्रेटपासून शरीरात बनणाऱ्या नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. सहा महिन्यांखालील, वरच्या दुधावरील बालकांना हा धोका सर्वाधिक असतो. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. टीसीएल पावडरचाही त्यावर काही परिणाम होत नाही.

यावरून शौचालये नकोत असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. बदलावयाची आहे ती विहिरीची जागा. पिण्याच्या पाण्याचा उद्भव गावठाणाच्या वरच्या अंगास घ्यावा; जुनी विहीर धुण्या-भांड्यांसाठी व बागेसाठी चालू ठेवावी. दाट वस्तीत सांडपाणी व गाळ गावाबाहेर नेऊन त्यावर प्रक्रिया करणे हा खर्चिक, परंतु खरा उपाय होय.

नायट्रेट खतातूनही येते. म्हणून गावठाणातील, वरच्या अंगाच्या व खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर ते तपासावेत. शेतातील विहिरीत प्रमाण कमी आणि गावठाणात जास्त असून सोबत क्लोराइडही वाढलेले असेल, तर संशय शोषखड्ड्यांकडे जातो. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा, हे आधी पाहावे, दुसऱ्या पद्धतीत ४५ ची मर्यादा सुमारे १० होते आणि १५ हा आकडा निर्धोक वाटून फसगत होण्याचा संभव असतो.