जुन्या जीपचे टायमिंग आणि आपल्या उसाचे पेट्रोल



लागण, खोडवा, ठिबक, हुमणी या विषयांवर या पानांतून नेहमीच लिहिले जाते. या खेपेस विषय जरा वेगळा आहे, पण उसाशी त्याचा संबंध कसा येतो ते पुढे दिसेलच. विषय आहे जुन्या पेट्रोल गाडीचे टायमिंग, म्हणजे सिलिंडरात ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे लावणे. उदाहरणाला आम्ही जुनी पेट्रोल जीप घेतली आहे. महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने बनवलेली, 'हरिकेन' इंजिनाची. शेतकी खात्याची फिरती असो, निवडणुकीचा प्रचार असो की लग्नाचे वऱ्हाड, ऊसपट्ट्यात ती सगळ्यालाच लागायची. पुढे पुष्कळांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. डिझेलला ठिणगी नसते, तेव्हा त्यांनी हा लेख शेजाऱ्यासाठी वाचावा. प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर बाळगून असलेल्यांना रीत हीच लागू आहे. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावेत.

साखर संकुलातले काम आटोपले की पुण्यात आलेला सभासद नाना पेठेत पॉइंट, कंडेन्सर घेतो आणि गाडी ओळखीच्या गॅरेजात घालतो. तिथे काय होते? मिस्त्री इंजिन चालूच ठेवतो, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करतो, डबी हाताने थोडी इकडे थोडी तिकडे फिरवतो, कान देऊन ऐकतो आणि आवाज गोड लागला की बोल्ट आवळतो. "झालं काम, मालक." एक चक्कर मारायची, ॲक्सिलरेटर दाबल्यावर टिंगटिंग आली तर डबी किंचित मागे घ्यायची. या पद्धतीला आम्ही नावे ठेवणार नाही. जुन्या मिस्त्रींचे कान खरोखर तयार होते. पण तो कान ज्या पेट्रोलवर तयार झाला ते पेट्रोल आता मिळत नाही.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. ठिणगी पडली की सगळा वायू एका क्षणात पेटत नाही. ज्वाला पसरायला साधारण दोन हजारांश सेकंद लागतात असे धरू. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात क्रँक १२ अंश फिरतो आणि ३,००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून पिस्टन टॉपला पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पाडावी लागते, आणि वेग वाढेल तसतशी ती आणखी आधी. झोपाळ्याला धक्का द्यायचाच प्रकार आहे. तो आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर हाताला हिसका बसतो, लांब गेल्यावर ढकलला तर धक्का वाया जातो.

टायमिंग मागे राहिले तर स्फोट उशिरा होतो, ताकद चाकाला न जाता एक्झॉस्टमधून जाते, इंजिन तापते, पेट्रोल जास्त जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. फार पुढे गेले तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब त्याच्या डोक्यावर बसतो. टिंगटिंग वाजते, बेअरिंगे मार खातात, आणि प्रकरण वाढले तर पिस्टनला भोकही पडते. शिवाय हँडल मारून गाडी चालू करणाऱ्याला ते उलटा झटका देते. त्या झटक्याने मनगट मोडते, हे जीपवाल्यांना सांगायला नको. तरुण पोरांना मात्र जरूर सांगावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, विळखा घालू नये, आणि नेहमी खालून वर ओढावे.

आता पेट्रोलकडे वळू. पूर्वी टिंगटिंग दाबण्यासाठी पेट्रोलात शिसे घालत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. २००१ साली पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक काम सुरू झाले त्यात आपल्याकडची मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५ पासून पंपावर २० टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळते. सगळे इथेनॉल उसाचे नसते, मका आणि तांदळाचेही असते. तरी आपल्या मळीचा आणि रसाचा वाटा त्यात मोठा आहे. म्हणजे जे काम शिसे करायचे ते आता बऱ्याच अंशी उसाचा अल्कोहोल करतो. तो टिंगटिंग होऊ देत नाही.

ऐकायला हे चांगलेच वाटते, आणि आहेही. अडचण मिस्त्रीच्या कानाची होते. पूर्वी टायमिंग जास्त पुढे गेले की इंजिन स्वतः ओरडून सांगायचे. आता ते चार-पाच अंश जादा पुढे गेले तरी गप्प बसू शकते. आवाज नाही म्हणून डबी आणखी पुढे रेटली जाते. ताकद तर वाढत नाहीच, उलट घटते, पाणी तापते आणि हँडलचा झटका तसाच दबा धरून राहतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की टायमिंग खुणेवर लावावे, आवाजावर नव्हे.

डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगे पाहावीत. जुने रबर इथेनॉलने फुगते, चिरते. गळती असेल तर ठिणगीची कामे तिच्याजवळ करू नयेत. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी टाकीत जुने पेट्रोल ठेवून पुन्हा चालू करू नये. तसेच २० टक्क्यांच्या मिश्रणाला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. पातळ मिश्रणानेही इंजिन तापते आणि ओढ कमी होते, अगदी टायमिंग मागे असल्यासारखे. दोष कार्ब्युरेटरचा आणि शिक्षा डिस्ट्रिब्युटरला, असे होऊ देऊ नये. लिटरमागे किलोमीटर थोडे कमी पडणे हा तर इथेनॉलचा गुणच आहे, कारण त्यात लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. ते टायमिंगने भरून निघणार नाही.

पहिले काम पॉइंटचे. टायमिंग लावून मग पॉइंटची फट बदलली तर सगळी मेहनत फुकट, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. फट कमी झाली की मागे. पॉइंटची टाच झिजत जाते, म्हणून न हलवलेली गाडीही हळूहळू मागे पडते. टाच कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजने फट मोजावी, जीपला ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. पान किंचित अडखळत सरकले पाहिजे. खड्डे पडलेले पॉइंट घासत बसण्यापेक्षा बदललेले बरे. नव्या पॉइंटवरचे तेल पुसून टाकावे आणि कॅमला ग्रीस अगदी बोटभर नव्हे, नखभर लावावे. प्लगची फट ०.०३० इंच ठेवावी.

मग चावी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रेडिएटरकडचा, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि दुसऱ्याला हँडल सावकाश फिरवायला सांगावे. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला की दाबाचा फेरा आला. जीपच्या काही इंजिनांवर खुणा पुढच्या पुलीजवळ असतात, काहींवर फ्लायव्हीलवर, झाकणाच्या भोकातून दिसतात. टॉपच्या आधीच्या ५ अंशांच्या खुणेवर थांबावे. खूण ओलांडली तर नुसते तेवढेच मागे आणू नये. पाव फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे गिअरमधली ढिलाई हिशेबात येत नाही.

खुणा पुसल्या असतील तर टॉपची जागा नक्की करून पुलीचा घेर दोऱ्याने मोजावा आणि त्याला ७२ ने भागावे. आलेले अंतर म्हणजे ५ अंश. घेर ५४ सेंटीमीटर भरला तर साडेसात मिलिमीटर. पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी.

आता टोपण काढून पाहावे. रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे हवे. बरोबर उलट दिशेला असेल तर तुम्ही एक पूर्ण फेरा चुकलात. पुन्हा अंगठ्याची परीक्षा करावी. वायरींचा क्रम १-३-४-२.

घरातला साधा बल्ब इथे उपयोगाचा नाही. गाडीच्या बॅटरीच्या व्होल्टचा छोटा बल्ब घ्यावा, आजकाल बहुतेक १२ व्होल्टचा. त्याची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चावी चालू करावी. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला राहतो, उघडताक्षणी पेटतो. बोल्ट ढिला करून डबी आधी रोटरच्या दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवावी, मग उलट दिशेने अगदी सावकाश. बल्ब पेटला त्या जागी बोल्ट आवळावा. जीपचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणून डबी काट्यांच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जाते. इतर गाड्यांत रोटरची दिशा पाहून ठरवावे; रोटरच्या विरुद्ध म्हणजे पुढे, हा नियम सगळीकडे चालतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक होतो, म्हणून ५ अंशांसाठी डबी फक्त अडीच अंश हलते. जोर लावून फिरवण्याचे हे काम नव्हे. काम लांबले तर चावी बंद करावी, नाहीतर कॉईल तापते.

हँडल दोन पूर्ण फेरे फिरवून बल्ब त्याच खुणेवर पेटतो का ते पडताळावे. पेटण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजलेला आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय कुठलीच खूण खरी नाही. रोटर बोटाने पिळून सोडला की स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणारी वजने आत अडकली असतील तर तो येत नाही. टायमिंग लाईट असेल तर इंजिन संथ चालवून खूण पुन्हा पाहावी. ॲम्बॅसडरसारख्या व्हॅक्यूमची नळी असलेल्या गाडीत ती नळी काढून, बंद करून मगच.

शेवटी चढावर पारख. पुण्याहून कात्रज किंवा दिवे घाट सोयीचे. टॉप गिअरमध्ये ताशी ३५-४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबावा. टिंगटिंग आलीच तर डबी केसभर मागे घ्यावी. आली नाही तर खुणेच्या पुढे जायचे नाही. आणखी एक लक्षात ठेवावे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथली हवा सहा-एक टक्क्यांनी विरळ. पुण्यात गप्प असलेली गाडी ताम्हिणी किंवा वरंध उतरून कोकणात गेली, दाट हवेत भरल्या सामानाने चढ घेऊ लागली, की वाजू शकते. तशी वाजली तर गिअर खाली घ्यावा, पुण्यात परतल्यावर दर दोन-तीन हजार किलोमीटरला पाहतो तशी आधी पॉइंटची फट मोजावी, आणि मगच बोल्टला पाना लावावा.