सोपा खेळ शोधू नका

दहावीचा निकाल लागला की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला : "मुलगा क्रिकेट चांगला खेळतो, अकरावीला नावापुरता प्रवेश घेऊन पूर्णवेळ अकॅडमीत घालू का?" दुसरा : "क्रिकेटमध्ये फार गर्दी आहे. स्पर्धा कमी असलेला एखादा खेळ सुचवा, म्हणजे पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी मिळेल." या दुसऱ्या प्रश्नाबरोबर आता लॉन बोल्स या गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाचंही नाव येतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो. शिक्षण सोडायला लावू नका. दुसऱ्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण त्यामागचा समजच चुकीचा आहे.

2 ऑगस्ट 2022 रोजी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. लॉन बोल्समधलं भारताचं हे पहिलंच राष्ट्रकुल पदक. बातम्या वाचून अनेकांना वाटलं, चेंडू घरंगळवायचा, त्यात काय एवढं?

काय एवढं, ते नीट बघा. सुमारे दीड किलोचा चेंडू मुद्दाम असमतोल घडवलेला असतो, त्यामुळे तो सरळ जात नाही. वेग मंदावत जातो तसा तो एका बाजूला वळतो. त्याला निदान 23 मीटर दूर असलेल्या 'जॅक' नावाच्या छोट्या चेंडूजवळ नेऊन थांबवायचं असतं. गवत ओलं की कोरडं, वारा कुठून येतोय, वाटेत प्रतिस्पर्ध्याचा कोणता चेंडू आडवा आहे, हे सगळं प्रत्येक फेकीला नव्याने जोखावं लागतं. चौघींच्या संघात प्रत्येकीच्या वाट्याला एका फेरीत दोनच चेंडू येतात. त्या अंतिम सामन्यात मोठी आघाडी हातची गेली आणि गुण 10-10 असे बरोबरीत आले. तिथून पुढे चौघींनी दक्षिण आफ्रिकेला एकही गुण मिळू दिला नाही. हा संयम क्रॅश कोर्समध्ये मिळत नाही. 2010 मध्ये दिल्लीत भारताचा संघ या खेळात पहिल्यांदा राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला, आणि पदक यायला बारा वर्षं गेली.

आता पोटापाण्याचं बोलू. सुवर्ण जिंकलं तेव्हा लव्हली झारखंड पोलिसात, रूपाराणी जिल्हा क्रीडा अधिकारी, नयनमोनी आसामच्या वनखात्यात, पिंकी दिल्लीतल्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. चौघींचीही चूल नोकरीवर पेटत होती. इंग्लंडमध्येही वेगळं नव्हतं. 1966 मध्ये पहिला जागतिक एकेरी विजेता ठरलेला डेव्हिड ब्रायंट शाळेत शिक्षक होता. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धेत नाही. मोठं व्यासपीठ म्हणजे चार वर्षांनी येणारी राष्ट्रकुल स्पर्धा. तेव्हा पगार देणारं करिअर म्हणून याकडे बघू नका.

मग मी या खेळाचं नाव आवर्जून का घेतो? कारण घाबरलेल्या पालकांना यातून दिसावी अशी एक गोष्ट इथे लख्ख दिसते. लव्हली आधी धावपटू होती, नयनमोनी वेटलिफ्टर. दोघींनाही दुखापतीने पहिला खेळ सोडावा लागला. सुवर्ण जिंकताना लव्हली आणि पिंकी चाळिशी ओलांडलेल्या होत्या. उलट सोळाव्या वर्षी राज्याच्या संघात निवड झाली नाही म्हणून आपल्याकडे घरात सुतक पाळलं जातं, मुलाशी धड बोलत नाहीत, "तुझ्यावर इतके पैसे घातले" हे वाक्य जेवणाच्या ताटावर ऐकवतात. असं करणाऱ्या पालकांना स्पष्ट सांगतो : मुलाचा खेळ निवड समितीमुळे सुटत नाही, तुमच्यामुळे सुटतो.

कोट्याचंही ऐका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते खेळाडूंसाठी. कोणत्या स्पर्धेतली कितवी कामगिरी चालते याचे नियम आहेत, प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि बोगस प्रमाणपत्रावर मिळवलेल्या नोकऱ्या गेलेल्या आहेत. कमी गर्दीचा खेळ म्हणून मुलाला ढकललंत, तर त्याला ना खेळाची गोडी लागणार, ना हाती प्रमाणपत्र येणार. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी तर कोणताच खेळ निवडू नका.

खेळाचं वेड खरंच असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी, प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम, क्रीडा मानसशास्त्र, फिजिओथेरपी, क्रीडा व्यवस्थापन असे रस्ते आहेत. पोलीस आणि रेल्वेचे संघ आहेत. यातलं काहीही मैदानाच्या आड येत नाही.

मुलाला एकच विचारा : पदक, गुण, नोकरी यातलं काहीच मिळणार नसेल, तरी उद्या पहाटे मैदानावर जाशील का? तो हो म्हणाला, तर खेळ कोणताही असो, पाठीशी उभे राहा आणि पुस्तकंही सुटू देऊ नका. नाही म्हणाला, तर त्याची किट आजच गरजू मुलाला देऊन टाका, आणि त्याला काय आवडतं ते शांतपणे ऐकून घ्या.