आधी तुकडा, मग औषध

मने, रात्रभर फोनवर काय काय वाचलंस ते तुझ्या डोळ्यांवरूनच कळतंय. ठेव तो आता. थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी, लहानपणी कामाची, पुढे आक्रसत जाणारी. तिच्यातल्या बी पेशींतून उठणारा हा लिम्फोमा नेमका तिशीच्या आसपासच्या बायकांना जास्त होतो. तुझं काही चुकलं म्हणून नव्हे. कुणी डब्याला, मोबाइलला दोष दिला, तर हो हो म्हण आणि सोडून दे.

चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगतात, कारण गाठ हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. त्यात खोकला असला की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि अंदाजानेच गोळ्या सुरू होतात. तुकडा तपासल्याशिवाय तू काही सुरू करू देऊ नकोस. स्टेरॉइड तर नाहीच. त्याने गाठ विरघळू लागते आणि बायोप्सीत धड काही सापडत नाही. श्वासच अडकला तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर बघतील. बारीक सुईने ओढलेल्या पेशी सहसा पुरत नाहीत, जाड सुईने तुकडाच काढावा लागतो. हा आजार हॉजकिन लिम्फोमासारखा दिसू शकतो, तेव्हा शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक परळला टाटात दाखवून घेऊ.

कीमोत आर-चॉप देतात, नाहीतर ईपॉक-आर. हे दुसरं चार दिवस रात्रंदिवस थेंब थेंब चालतं, दर तीन आठवड्यांनी, साधारण सहा वेळा. अमेरिकेत 2013 साली छापलेल्या अभ्यासात त्यावर पाच वर्षांनी 97 टक्के रुग्ण जिवंत होते, तेही बहुतेकांना रेडिएशन न देता. रुग्ण 51च होते म्हणा, लग्नातल्या एका पंगतीएवढे. तरी मला त्या आकड्याने धीर येतो.

शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीचा व्रण उरलेला दिसेल, पेट स्कॅनवर थोडा चमकेलही. कीमोनंतर तरुण वयात थायमस स्वतःच पुन्हा फुगते, त्याचीही चमक दिसते. तेव्हा लगेच रडायला बसू नकोस, पुन्हा स्कॅन किंवा बायोप्सी करायची का ते विचार.

ते पुढचं. उद्या मात्र हृदयाची इको आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का ते बघ. आणि बीजांडं गोठवायला वेळ आहे का, हे पहिल्या सलाईनच्या आधी विचार, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी. लाज वाटली तर मला खूण कर, मी विचारते.