शाळेची गुणवही पालकांच्या हाती

अमेरिकेतील प्राथमिक शाळेत बहुतेक विषय एकच शिक्षिका शिकविते. मूल मागे पडू लागले की ते तिच्या ध्यानात येते, आणि पालकांनाही विचारण्यास एकच व्यक्ती असते. सहावीत पाऊल टाकताच हे चित्र पालटते. सहावी ते आठवी ह्या इयत्तांच्या शाळेस तेथे सामान्यतः ‘मिडल स्कूल’ म्हणतात. तेथे अकरा ते चौदा वर्षांचा विद्यार्थी अनेक शिक्षकांच्या हाताखालून जातो. प्रत्येकाचा गृहपाठ निराळा, मुदत निराळी आणि गुण देण्याची रीतही निराळी. नेमक्या ह्याच वयात मूल घरी सारे काही सांगेनासे होते. ‘अभ्यास झाला का?’ ह्या प्रश्नास ‘झाला’ एवढेच उत्तर मिळते, आणि खरी स्थिती कळते ती प्रगतिपुस्तक हाती पडल्यावर. तोवर सुधारणेची वेळ बहुधा टळलेली असते.

मुलाची शालेय नोंद पाहण्याचा पालकांचा हक्क तेथील १९७४ च्या कायद्याने मान्य झाला होता. परंतु त्यासाठी शाळेची पायरी चढावी लागे. पुढे शिक्षकांच्या गुणवह्या संगणकावर आल्या आणि इंटरनेटद्वारे पालकांनाही त्या उघडता येऊ लागल्या. १९९७ साली निघालेली ‘पॉवरस्कूल’ ही ह्या क्षेत्रातील एक जुनी कंपनी होय. ‘गूगल क्लासरूम’ २०१४ मध्ये आले. त्यातून पालकांना ई-मेलने रोजचा किंवा आठवड्याचा गोषवारा मिळू शकतो. त्यात राहिलेले व पुढे द्यावयाचे काम दाखविलेले असते, गुण मात्र नसतात.

गुणवही उघडली म्हणजे ती वाचता आली असे नव्हे. समजा, एका विषयात पाच गृहपाठ झाले. चारांमध्ये विद्यार्थ्यास शंभरापैकी ८० गुण मिळाले, पाचवा त्याने दिलाच नाही. शिक्षकाने ती जागा कोरी ठेवली, तर सरासरी चारांचीच निघते, म्हणजे ८०. तेथे शून्य मांडले, तर ३२० भागिले पाच, म्हणजे ६४. आणि उशिरा दिलेल्या कामास ५० गुण देण्याची रीत असेल, तर सरासरी ७४ वर येते. मुलाला विषय येतो तेवढाच येतो. आकडे मात्र तीन. म्हणून सरासरीचा आकडा पाहून मुलास रागे भरण्यापूर्वी त्याखालच्या एकेका कामाची ओळ वाचली पाहिजे. काम दिलेलेच नाही, की दिले आहे पण शिक्षकाने अजून तपासले नाही, हा भेद फार महत्त्वाचा आहे. शंभर-सव्वाशे वह्या तपासणाऱ्या शिक्षकाची नोंद काही दिवस मागे असणे स्वाभाविक आहे. दर तासाला मोबाइल उघडून पाहणारा पालक मुलाचा जीव मात्र टांगणीला लावतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, मुलाला शेजारी बसवून आणि शक्यतो त्याच्याच तोंडून ती ओळ वाचवून घेणे अधिक बरे.

ह्याचा उपयोग होतो काय? पश्चिम व्हर्जिनिया राज्यातील २२ शाळांत पीटर बर्गमन आणि एरिक चॅन ह्या संशोधकांनी ह्याची परीक्षा घेतली. पालकांनी आपण होऊन गुणवही उघडावी, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. राहिलेला गृहपाठ, घसरलेले गुण आणि तासाची गैरहजेरी शाळेच्या नोंदीतून काढून ती पालकांच्या मोबाइलवर संदेशाने आपोआप जाईल, अशी योजना त्यांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार विषयांत नापास होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले आणि तासांची हजेरी १२ टक्क्यांनी वाढली. राज्याच्या परीक्षेतील गुणांवर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे संदेशाने मूल वर्गात आले, काम देऊ लागले. परीक्षेत मोजले जाणारे ज्ञान तेवढ्याने वाढलेले आढळले नाही. लॉस एंजेलिसमधील आधीच्या एका प्रयोगात बर्गमन ह्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती: आपले मूल प्रत्यक्षात करते त्याहून अधिक मेहनत करते, असा पालकांचा समज असतो. हा समज तिकडचाच आहे असे मानण्याचे कारण नाही.

ह्या सोयीस एक काळी बाजूही आहे. एकत्र साठविलेली नोंद एकत्रच चोरीस जाऊ शकते. डिसेंबर २०२४ मध्ये चोरलेल्या पासवर्डच्या साहाय्याने पॉवरस्कूलच्या यंत्रणेत शिरकाव झाला आणि पुष्कळ शाळांतील विद्यार्थी व शिक्षक ह्यांची खासगी माहिती बाहेर गेली. तेव्हा पालकाने आपला पासवर्ड मुलाच्या पासवर्डाहून आणि इतर ठिकाणच्या आपल्या पासवर्डांहूनही वेगळा ठेवावा. आणि शाळा कोणकोणती माहिती साठविते, हे निःसंकोच विचारावे. १९७४ च्या त्या कायद्यानुसार विद्यार्थी १८ वर्षांचा झाला, अथवा त्याआधीच महाविद्यालयात गेला, की नोंदीवरील हा हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो.