व्हीएमचं नेटवर्क हळू? आधी सीपीयू तपासा

खासगी क्लाउडवरच्या व्हीएमबद्दल तक्रार येते ती बहुतेक वेळा एवढीच: ‘नेटवर्क स्लो आहे.’ तक्रार करणाऱ्याला तेवढंच दिसतं. पण व्हीएमला सीपीयू वेळेवर मिळाला नाही, तर आलेली पॅकेटं उचलायला कोणी नसतं, रांग भरते आणि पॅकेटं गळू लागतात. बाहेरून हा दोष हुबेहूब नेटवर्कचा वाटतो. म्हणून सुरुवात स्विचपासून नको, व्हीएमच्या आतून करा. पुढचा क्रम ओपनस्टॅक, केव्हीएम आणि ओपन व्हीस्विच असलेल्या क्लाउडसाठी आहे.

हाताशी काय हवं: व्हीएमचा आणि तिच्या पोर्टचा यूयूआयडी, ती ज्या कॉम्प्युट नोडवर आहे त्यावर रूट लॉगिन, आणि त्याच नेटवर्कवरची दुसरी, धड चालणारी व्हीएम. शक्य असेल तर ती वेगळ्या नोडवरची घ्या. एसएसएच लागत नसेल तर कन्सोलवरून आत जा. घाईने रीबूट करू नका; दोष तात्पुरता लपतो आणि दोन दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो.

१. व्हीएममध्ये ‘टॉप’ चालवा आणि सीपीयूच्या ओळीतला शेवटचा ‘एसटी’ हा आकडा पाहा. हा स्टील टाइम. व्हीएमला काम करायचं होतं, पण त्या वेळी होस्टने सीपीयू दुसऱ्या कोणाला दिला होता, अशा वेळेची ही टक्केवारी. एखादा टक्का चालतो. पाचच्या वर टिकून राहिला तर मी नेटवर्कला हातच लावत नाही, थेट पायरी २ कडे जातो. एसटी शून्य आणि ‘यूएस’ शंभराजवळ असेल तर ॲप्लिकेशनच सीपीयू खातंय; ‘डब्ल्यूए’ चढलेला असेल तर डिस्ककडे बघा.

२. आता नोडवर या. तिथल्या सगळ्या व्हीएमचे व्हीसीपीयू मिळवा आणि नोडच्या थ्रेडशी तुलना करा. नोवा किती पटीने सीपीयू वाटतो ते सीपीयू ॲलोकेशन रेशोवर ठरतं. जुन्या आवृत्त्यांत तो मुळातच १६ होता, नव्यांत ४ आहे. म्हणजे ६४ थ्रेडच्या नोडवर जुना नोवा १०२४ व्हीसीपीयू खुशाल बसवतो, नवा २५६. वेब सर्व्हरच्या गर्दीला १६ एक वेळ चालेल, डेटाबेसला नाही.

इथे दोन गोष्टी अनेकांना चकवतात. एक, ‘इनिशियल’ हा शब्द असलेली रेशोची सेटिंग फक्त नोड प्लेसमेंटमध्ये पहिल्यांदा नोंदवताना लागू होते. नंतर ती बदलून काही होत नाही. ‘इनिशियल’ नसलेली सेटिंग वापरा किंवा प्लेसमेंटमध्येच आकडा बदला. दोन, रेशो कमी केला म्हणून बसलेल्या व्हीएम उठत नाहीत. नवीन येणं थांबतं एवढंच. गर्दी हलवायची तर काही व्हीएम लाइव्ह मायग्रेट कराव्याच लागतात.

त्रासलेल्या व्हीएमला आणखी व्हीसीपीयू देणं हा मोह आवरा. भरलेल्या नोडवर त्याने ओढाताण वाढते. खरोखर नाजूक व्हीएमसाठी फ्लेवरमध्ये सीपीयू पॉलिसी ‘डेडिकेटेड’ करा, पण सगळे कोर पिन करून टाकू नका. व्हर्चुअल नेटवर्क कार्डाची पॅकेटं ने-आण करणारे व्हीहोस्ट थ्रेड आणि ओपन व्हीस्विच होस्टवरच चालतात. त्यांच्यासाठी कोर राखून ठेवले नाहीत तर पिन केलेली व्हीएमसुद्धा पॅकेटं गमावते. आणि पिन केलेला मोठा फ्लेवर एका न्यूमा नोडमध्ये मावला नाही, तर एकूण कोर शिल्लक असूनही ‘नो व्हॅलिड होस्ट’ येतं.

३. एसटी स्वच्छ आहे? मग नेटवर्क. व्हीएमला आयपी मिळालाय का पाहा. नसेल तर नोडवर तिच्या टॅप इंटरफेसवर टीसीपीडंप लावा. त्याचं नाव म्हणजे ‘टॅप’ आणि पुढे पोर्टच्या यूयूआयडीची पहिली ११ अक्षरं. डीएचसीपीची विनंती दिसतच नसेल तर दोष व्हीएमच्या आत. उत्तर टॅपपर्यंत येऊनही आयपी लागत नसेल तरीही आतच. विनंती जाते, उत्तर येत नाही, असं असेल तर पुढे शोधा: डीएचसीपी एजंट चालू आहे का, आणि ओव्हीएन असेल तर त्या नोडवरचा ओव्हीएन कंट्रोलर, कारण तिथे उत्तर तोच देतो.

४. पिंग लागत नाही म्हणून नेटवर्क बंद, असं समजू नका. न्यूट्रॉनचा मूळ सिक्युरिटी ग्रुप बाहेर सगळं जाऊ देतो, आत मात्र त्याच ग्रुपमधल्या व्हीएमकडून येणारंच घेतो. पिंग आणि एसएसएचसाठी नियम हाताने घालावा लागतो. व्हीएमवर व्हीआरआरपीचा फिरता आयपी असेल तर तो पोर्टच्या ‘अलाउड ॲड्रेस पेअर्स’मध्ये टाका. पोर्ट सिक्युरिटी बंद करून काम भागतं खरं, पण सिक्युरिटी ग्रुपही त्यासोबत जातात. तो मार्ग टाळा.

५. एकाच नोडवरच्या व्हीएम एकमेकींशी बोलतात, दुसऱ्या नोडवरच्या बोलत नाहीत? नोडांमधल्या फायरवॉलवर यूडीपी पोर्ट पाहा: व्हीएक्सलॅनला ४७८९, जिनीव्हला ६०८१.

६. सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष एमटीयूचा. लक्षण ओळखून ठेवा: पिंग उत्तम, एसएसएच जोडलं जातं आणि किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत अडकतं, छोटं वेबपान उघडतं, मोठं लटकतं. छोटी पॅकेटं जातात, मोठी वाटेत गळतात. आयपीव्ही४ वर व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटला ५० बाइट जोडतं, म्हणून १५०० च्या जाळ्यात व्हीएमचा एमटीयू १४५० हवा. ओव्हीएनच्या जिनीव्हला १४४२. तपासण्यासाठी धड व्हीएमकडे ‘पिंग -एम डू -एस १४२२’ पाठवा (एम मोठा, एस लहान). १४५० मधून आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ गेले की १४२२ उरतात. जिनीव्हवर १४१४ वापरा. हे अडकलं आणि १००० चं गेलं, तर दोष सापडला.

उपाय म्हणून नोडांमधल्या प्रत्येक स्विच पोर्टवर आणि नोडच्या नेटवर्क कार्डावर एमटीयू वाढवा. एक पोर्ट सुटला तरी दोष तसाच राहतो. वाढवणं शक्य नसेल तर व्हीएमचा एमटीयू खाली आणा आणि डीएचसीपी लीज नव्याने घ्यायला लावा. व्हीएम ठीक, पण तिच्यातला डॉकर कंटेनर अडकतो, असं असेल तर डॉकरच्या ब्रिजचा एमटीयू पाहा. तो मुळात १५०० असतो आणि खालचं जाळं १४५० चं आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

७. प्रत्येक बदलानंतर, पुढचा करण्याआधी, धड व्हीएमकडे आयपर्फ थ्री लावा आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत एसटी पाहत राहा. वेग सुधारला पण भार चढताच एसटीही चढू लागला, तर काम अजून पायरी २ मध्येच बाकी आहे.