निळा ‘ई’ आणि विस्कटलेली मराठी

प्रश्न : २००२-०३च्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरचे आवडलेले लेख मी संगणकात साठवून ठेवत असे. परवा आवराआवरीत त्यांची सीडी सापडली. मुलाच्या संगणकावर ते लेख उघडले, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता काला. हेच लेख तेव्हा निळ्या ‘ई’वर स्वच्छ दिसायचे. तो ‘ई’ शोधायला गेलो, तर भलताच ब्राउझर उघडतो. लेख बिघडले, की ‘ई’ गेल्यामुळे हे झालं? आणि तो गेला कुठे?
— एक वाचक, देवनार

उत्तर : लेख बिघडलेले नाहीत. ते पहिल्यापासून असेच होते. निळा ‘ई’, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर, त्यांना मराठीचा अंगरखा चढवून तुमच्यासमोर आणत होता, इतकंच.

त्या काळी मराठीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेले असत. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशी घराणी होती आणि प्रत्येकाची जागावाटणी निराळी. कृतीदेवात इंग्रजी ‘डी’ दाबला की ‘क’ उमटतो. संगणकाच्या लेखी मात्र तो ‘डी’च राहतो. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला ‘डी’च दिसणार. म्हणून सुरुवातीची मराठी संकेतस्थळं ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ असं सांगत. १९९७ साली एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने यावर तोड काढली : पानाबरोबर फॉन्टही आपोआप येऊ लागला. त्याला सगळे ‘डायनॅमिक फॉन्ट’ म्हणत. नेटस्केपचीही अशीच एक सोय होती, पण वेगळ्या पद्धतीची. दोन्हींची खटपट कोण करणार? वाचकांकडे निळा ‘ई’ होताच.

तो होताच, कारण तो संगणकाबरोबर फुकट येई. यामागची गोष्ट १९९५च्या एकाच ऑगस्टमध्ये सुरू होते. ९ तारखेला नेटस्केप कंपनीचे शेअर बाजारात आले. २८ डॉलरचा शेअर त्याच दिवशी ५८च्या वर बंद झाला. १५ तारखेला विदेश संचार निगमाने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. (स्वस्तातलं खातं घेतलेल्यांच्या वाट्याला ‘लिंक्स’ हा नुसत्या अक्षरांचा ब्राउझर येई, चित्रं नाहीत आणि माऊसचं कामही नाही.) २४ तारखेला विंडोज ९५ बाजारात आलं आणि त्याच्या सोबतच्या जादा पॅकमध्ये एक्सप्लोररची पहिली आवृत्ती होती. तीही घरची नव्हती. इलिनॉय विद्यापीठातल्या ‘मोझॅक’ ब्राउझरचे हक्क स्पायग्लास नावाच्या कंपनीकडे होते, तिच्याकडून मायक्रोसॉफ्टने परवाना घेतला होता. विक्रीतला वाटा स्पायग्लासला मिळायचा होता, आणि मायक्रोसॉफ्टने ब्राउझर फुकटच वाटला. शेवटी ८० लाख डॉलर देऊन हा तंटा मिटवावा लागला. नेटस्केप या फुकट वाटपापुढे टिकला नाही. १९९८मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेशही निघाला, पण अपिलात तो रद्द झाला.

प्रतिस्पर्धी संपल्यावर निळ्या ‘ई’ने ताणून दिली. सहावी आवृत्ती २००१ची, सातवी थेट २००६ची. मधल्या पाच वर्षांत नेटस्केपच्याच खुल्या केलेल्या कोडमधून फायरफॉक्स उभा राहिला, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४मध्ये आली. जगभरचे जाणकार तिकडे वळले. मराठी वाचक मात्र मागे राहिला आणि माझ्या मते त्याचं कारण तुमच्या सीडीवरच आहे. फायरफॉक्सला मायक्रोसॉफ्टचे डायनॅमिक फॉन्ट वाचता येत नसत. उत्साहाने तो बसवायचा, वर्तमानपत्र उघडायचं, आणि तुम्हाला दिसला तोच काला पाहून मुकाट्याने ‘ई’कडे परतायचं. ‘पद्म’ नावाचं एक ॲड-ऑन असा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवी, पण ते माहीत असणारे थोडे.

सुटका केली ती युनिकोडने. त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो, इंग्रजीची जागा उसनी घ्यावी लागत नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक संगणकावर एक तरी तसा फॉन्ट हवा. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ घडवला र. कृ. जोशींनी. जोशी कवी आणि सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे. मंगलचं काम ते जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत असताना झालं. म्हणजे तुमच्या देवनारहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता धरला की पलीकडेच. गंमत अशी, की मराठी वाचकाला निळ्या ‘ई’पासून सोडवणारा फॉन्ट मायक्रोसॉफ्टनेच घरोघर पोचवला. विंडोज एक्सपीत तो नीट दिसावा म्हणून सेटिंगमध्ये शिरून एक खूण करावी लागे, त्यावर संगणक मूळ सीडी मागे आणि ती कोणाकडेही नसे, हा भाग वेगळा. मराठी विकिपीडिया २००३च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला तो युनिकोडमध्येच. वर्तमानपत्रंही हळूहळू तिकडे आली.

पुढची उतरण भराभर झाली. सप्टेंबर २००८मध्ये गूगलचा क्रोम आला आणि स्टॅटकाउंटरच्या मोजणीत मे २०१२मध्ये जगात पहिला झाला. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये ‘एज’ आणला, तो चालेना म्हणून २०२०मध्ये क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमच्याच पायावर नव्याने बांधला. १५ जून २०२२ रोजी विंडोज १०वरचा एक्सप्लोरर निवृत्त झाला आणि फेब्रुवारी २०२३पासून तो उघडायला गेलं की एज उघडतो. तुम्हाला भेटला तो भलता ब्राउझर हाच. कचेऱ्यांत ‘ई’ बराच तगला, कारण डिजिटल सहीचं टोकन लावून करायच्या कामांना जावा ॲप्लेट लागत आणि क्रोमने २०१५मध्ये, फायरफॉक्सने २०१७मध्ये त्यांना दार बंद केलं. अशा जुन्या कामांसाठी एजच्या पोटात ‘आयई मोड’ ठेवलेला आहे. तो निदान २०२९पर्यंत चालू ठेवण्याचं मायक्रोसॉफ्टचं आश्वासन आहे.

दरम्यान मोबाईलवर निराळंच राज्य होतं. नोकियाच्या बऱ्याच साध्या फोनमध्ये मराठी फॉन्ट नसे, नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं टाकून एक सेटिंग बदललं की मराठी मजकूर चित्र होऊन येई! मग चिनी यूसी ब्राउझर भारतात काही काळ क्रोमच्याही पुढे गेला. २९ जून २०२०ला सरकारने चिनी ॲपवर घातलेल्या बंदीत तोही गेला. आज क्रोम, एज, ऑपेरा यांचा पाया एकच. वेगळ्या पायावर उभे असे मोठे दोनच, सफारी आणि फायरफॉक्स. एखादं संकेतस्थळ ‘क्रोममध्येच उघडा’ म्हणतं, तेव्हा मला ‘एक्सप्लोररमध्येच पाहा’ ही २००३ची पाटीच दिसते.

आता तुमच्या सीडीचं. नुसत्या आयई मोडवर विसंबू नका : डायनॅमिक फॉन्ट बहुधा त्या-त्या संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधलेले असत, घरच्या फाइलला ते लागू होतीलच असं नाही. पानावर उजवं बटण दाबून मूळ कोड पाहा, त्यात फॉन्टचं नाव सापडेल. तो फॉन्ट मिळवून संगणकावर बसवलात, तर बहुतेक पानं क्रोममध्येही वाचता येतील. कायमची सोय हवी असेल, तर त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असे, तिथे परिवर्तक हमखास अडखळतात. तेव्हा बदललेला मजकूर एकदा नजरेखालून घाला, आणि तोवर सीडीवरच्या मूळ फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर करून ठेवा.